पेनड्राइव्हमधल्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

फॉरमॅट मारू नका, आधी एवढं पूर्ण वाचून घ्या. तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि २०१३ च्या आसपास डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला काका फोल्डर उघडतायत पण सगळ्यांवर बाण आलाय आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरने व्हायरस दाखवला. मी बघितलं, म्हटलं शॉर्टकट व्हायरस आहे, दोन मिनिटांत फॉरमॅट मारून पेनड्राइव्ह हातात दिला. त्याचा सगळा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातच होता, दुसरीकडे कॉपी नव्हती, आणि वाईट म्हणजे तो रिपोर्ट गेलेलाच नव्हता, व्हायरसने फक्त लपवून ठेवला होता. घालवला तो मी. रिकव्हरी सॉफ्टवेअरने थोडे फोटो मिळाले, रिपोर्ट काही पूर्ण मिळाला नाही, मग तो आणि मी मिळून दोन रात्री बसून परत टाइप केला. तेव्हापासून दुकानात एकच नियम आहे, आधी डेटा बाहेर काढायचा, मग साफसफाई. हा लेख त्या नियमाच्या भोवतीच आहे.

तर आधी व्हायरस म्हणजे काय ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायला लागत नाहीत. व्हायरस हा साधा प्रोग्राम असतो, माणसाने लिहिलेला, आणि प्रोग्राम चालू झाल्याशिवाय काहीच करू शकत नाही. नुसता डिस्कवर पडलेला व्हायरस म्हणजे डबीत बंद बी. आता आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो पण त्यात प्रकार आहेत. खरा व्हायरस बांडगुळासारखा असतो, त्याला आंब्याची फांदी लागते, म्हणजे दुसऱ्या एखाद्या फाइलला चिकटून तो जगतो आणि ती फाइल उघडली की चालतो. वर्म हा गाजरगवतासारखा, कोणाचा आधार लागत नाही, बांधावरून बांधावर आपोआप पसरतो, एका कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधल्या दुसऱ्यावर. आणि ट्रोजन म्हणजे भिक्षा मागायला दारात आलेला रावण, वेश साधूचा असतो आणि रेषा आपणच ओलांडतो. फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर, ईमेलमधलं खोटं बिल, हे सगळे ट्रोजन. रॅन्समवेअर म्हणजे यातलाच एक असा की जो आत आल्यावर तुमच्या फाइल्सना कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो.

पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, ब्रेन नावाचा, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी वाचतो त्या भागात बसायचा आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवला होता. म्हणजे सुरुवातच हातातून हातात फिरणाऱ्या वस्तूने झाली. फ्लॉपी गेली, सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, पण मार्ग तोच राहिला.

शॉर्टकट व्हायरस नेमकं काय करतो

हे नीट समजून घ्या. विंडोज एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह लावला की त्यातली ऑटोरन नावाची छोटी फाइल विंडोज स्वतःच वाचायचं आणि त्यात सांगितलेला प्रोग्राम चालवायला घ्यायचं, त्यामुळे नुसतं लावलं किंवा ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की काम झालं. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर नावाचा वर्म इतका पसरला त्यात या ऑटोरनचा मोठा हात होता. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ते बंदच केलं, आणि २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेट देऊन बंद केलं. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली, विंडोज चालवत नाही ना, मग माणसाकडूनच डबल क्लिक करून घेऊ.

ती युक्ती अशी. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये 'मार्कलिस्ट' नावाचा फोल्डर आहे समजा. व्हायरस त्या फोल्डरला हिडन आणि सिस्टीम असे दोन शिक्के मारतो, म्हणजे तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. मग त्याच नावाचा, फोल्डरचंच चित्र असलेला एक शॉर्टकट बनवतो. तुम्ही त्यावर डबल क्लिक केलं की तो एकाच वेळी दोन कामं करतो, आधी गुपचूप व्हायरसची फाइल चालवतो आणि लगेच तुमचा खरा फोल्डर उघडून समोर ठेवतो. तुम्हाला वाटतं सगळं बरोबर आहे. तेवढ्यात तो कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसलेला असतो, आणि त्यानंतर त्या कॉम्प्युटरला जो पेनड्राइव्ह लागेल त्याचं हेच होतं. काही प्रकार याहून हुशार आहेत, ते सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरमध्ये टाकतात, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा, आणि बाहेर पेनड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट ठेवतात.

ओळखायचं कसं? चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसतो. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेट वाचा. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा किंवा ओळखीच्या प्रोग्रामचा पत्ता असतो, खोट्यात 'सीएमडी' किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा 'रनडीएलएल' असं काहीतरी सुरुवातीला लिहिलेलं असतं आणि पुढे विचित्र नावाची फाइल असते. हे नुसतं वाचल्याने काही होत नाही, डबल क्लिक मात्र चुकूनही करायचं नाही.

डेटा बाहेर काढायचा, पायरीपायरीने

शक्यतो ज्या कॉम्प्युटरवर घोळ झाला तिथे हे करू नका, स्वच्छ कॉम्प्युटर घ्या, ज्याची विंडोज अपडेट आहे आणि अँटीव्हायरस चालू आहे. पेनड्राइव्ह लावायच्या आधीच पुढच्या दोन सेटिंग करून ठेवा. फाइल एक्सप्लोरर उघडा, वर व्ह्यू आहे, त्यात विंडोज ११ असेल तर शो, आणि तिथे 'हिडन आयटम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' या दोन्हीवर टिक करा. पण एवढ्याने भागत नाही, इथेच बरेच जण अडकतात आणि डेटा गेला असं समजतात, कारण सिस्टीमचा शिक्का मारलेला फोल्डर याने दिसत नाही. त्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये जायचं, तिथला व्ह्यू टॅब, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' याची टिक काढायची. विंडोज घाबरवणारा मेसेज देतं, येस म्हणा, काम झालं की परत टिक लावायची आहे हे मात्र लक्षात ठेवा.

आता पेनड्राइव्ह लावा. एक्सप्लोररच्या डाव्या बाजूच्या यादीतून त्यावर एकदा क्लिक करून आत जा. फिकट रंगाचे फोल्डर दिसतील, तेच तुमचे खरे फोल्डर. माझ्या दुकानात हे दिसल्यावर लोकांचा चेहरा बदलतो तो बघण्यासारखा असतो, एका बाईंच्या तर मुलीच्या बारशाचे फोटो होते, त्यांनी गेले म्हणून सोडून दिले होते.

आता तो फिकट फोल्डर अख्खा कॉपी करू नका. आत जा, आतल्या फाइल्स निवडा आणि डेस्कटॉपवर एक नवा फोल्डर बनवून त्यात टाका. असं का, तर फोल्डर अख्खा उचलला की तो लपवण्याचा शिक्काही बरोबर येतो, आतल्या फाइल्सना बहुतेक वेळा तो नसतो. घेताना फक्त आपल्या ओळखीचं घ्यायचं, वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो, व्हिडिओ. ज्याच्या नावाच्या शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, बॅट, एससीआर किंवा एलएनके आहे ते तिथेच राहू द्या, ऑटोरन नावाचं काही असेल तेही. एखादी सुटी वर्ड फाइलच फिकट असेल तर ती उघडून सेव्ह अ‍ॅझ करून नव्या नावाने ठेवा, नवीन फाइलला तो शिक्का राहत नाही. उघडल्यावर वर पिवळी पट्टी येऊन मॅक्रो (फाइलच्या आत लपलेला छोटा प्रोग्राम) चालू करू का असं विचारलं तर नाही, कितीही घाई असली तरी नाही.

सगळं आलं का ते मोजा, दोनचार फाइल्स उघडून बघा. मग त्या नव्या फोल्डरवर राइट क्लिक करून डिफेंडरने, म्हणजे विंडोजमध्येच येणाऱ्या अँटीव्हायरसने, स्कॅन करा. आणि हे सगळं झाल्यावर, आता पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा. साधा क्विक फॉरमॅट पुरतो.

आता तुमचा कॉम्प्युटर

पेनड्राइव्ह स्वच्छ केला आणि घरच्या कॉम्प्युटरला लावला की परत शॉर्टकट, असं होत असेल तर दोष पेनड्राइव्हचा नाही. तपासायची सोपी पद्धत आहे, एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यात एक फोल्डर बनवा आणि आत काहीही बिनमहत्त्वाची फाइल टाका, संशय असलेल्या कॉम्प्युटरला लावून दोनतीन मिनिटं थांबा. फोल्डरचा शॉर्टकट झाला तर व्हायरस त्या कॉम्प्युटरमध्ये बसलाय हे नक्की. काही झालं नाही म्हणून मात्र कॉम्प्युटर स्वच्छच आहे असं धरू नका.

साफ करायचं ते असं. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा आणि सगळ्यात आधी प्रोटेक्शन अपडेट्स करून घ्या, कारण जुन्या यादीवर नवा चोर सापडत नाही. मग नेट बंद करा, वायर काढा किंवा वायफाय बंद. त्यानंतर स्कॅन ऑप्शन्समध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे तो निवडा, चालू असलेली सगळी कामं सेव्ह करून, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार आहे. हा स्कॅन लोक करत नाहीत आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी हाच आहे. विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो, स्वतःला लपवतो, पुसलं की परत येतो, पण ऑफलाइन स्कॅन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी चालतो, म्हणजे चोर झोपलेला असतानाच पकडायचा. साधारण पंधरा मिनिटं लागतात, जुन्या मशीनवर जास्त. मग परत चालू झाल्यावर फुल स्कॅन लावून जेवायला जा. एक गोष्ट, डिफेंडरचा फुल स्कॅन साधारणपणे पेनड्राइव्ह आपणहून तपासत नाही, त्यामुळे जोडलेल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून वेगळा स्कॅन करावा लागतो.

नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात स्टार्टअपची यादी बघा. अनोळखी नाव, पब्लिशरची जागा रिकामी, असं काही दिसलं तर नुसतं डिसेबल करा, डिलीटच्या फंदात लगेच पडू नका, आधी ते काय आहे ते शोधा.

दोनदा साफ करूनही परत येत असेल तर डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकणं हेच बरं. लोकांना वाटतं दुकानदार पैशासाठी सांगतो, पण आठवडाभर झुंजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि टाकताना मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवून टाका, कुणाच्यातरी जुन्या सीडीवरून नको.

यानंतरची एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, पासवर्ड. आजकालचे बरेच ट्रोजन काही बिघडवतच नाहीत, शांतपणे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलून पाठवून देतात, म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण ते त्या कॉम्प्युटरवरून नको, दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून. ईमेलमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायचीही सोय असते, ती वापरा.

व्हायरस नसतानाही व्हायरस वाटतो तेव्हा

दुकानात येणाऱ्या दहातल्या बऱ्याच तक्रारी व्हायरसच्या नसतातच. उजव्या खालच्या कोपऱ्यात सारखं येतं 'तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले', लाल रंगात. ती वेबसाइटची नोटिफिकेशन असते, कधीतरी तुम्ही पिक्चर बघायच्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी साइट काढून टाका, संपलं. दुसरा प्रकार जास्त वाईट, पूर्ण स्क्रीन भरून इशारा, भोंगा वाजतोय आणि खाली फोन नंबर. त्या नंबरवर फोन करू नका, ते लोक रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावतात आणि मग बँकेपर्यंत जातात. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. खऱ्या अँटीव्हायरसच्या इशाऱ्यात मदतीला फोन लावा असं कधी येत नाही.

परत येऊ नये म्हणून

विंडोज अपडेट बंद करून ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, चालू करा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर दीडशे देशांत पसरलं, इंग्लंडमधली हॉस्पिटलं ठप्प झाली, आणि ज्या खिडकीतून ते आत शिरलं ती बंद करायचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी! फक्त लोकांनी टाकलं नव्हतं. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि आपल्या जेएनपीटी या मुंबईजवळच्या बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं, कंटेनर खोळंबले. त्यात तर खंडणी भरूनही फाइल्स उघडणार नव्हत्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे मुदतवाढीच्या योजनेत नाव घातलेलं नसेल तर आता सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, तेव्हा मशीनला विंडोज ११ चालत असेल तर घ्या, नसेल चालत आणि काम फक्त नेट आणि टायपिंगचं असेल तर लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा विचार करा, मराठी टायपिंग त्यावर व्यवस्थित होतं.

अँटीव्हायरस कोणता, हा प्रश्न रोज येतो. घरच्या वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरतो, फक्त रिअल टाइम प्रोटेक्शन (सतत पहारा) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करू न देणारं) चालू आहे का बघा. विकत घ्यायचा तर एकच घ्या, दोन एकदम टाकले की ते एकमेकांशीच भांडतात आणि मशीन मरगळतं. आपल्याकडचं क्विक हील पुण्यात काटकर बंधूंच्या रिपेअरिंगच्या दुकानातून उभं राहिलं, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे म्हणून धाकट्या भावाने ते काढायचे प्रोग्राम लिहिले, हे मला आमच्या धंद्याचं फार अभिमानाचं वाटतं. पण क्रॅक केलेला अँटीव्हायरस टाकणं म्हणजे कुलूपच चोराकडून घेणं.

आणि क्रॅकचं एकूणच. डीटीपीवाले, टायपिंगवाले, तुम्हाला खास सांगतो, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, फोटो एडिटिंग, विंडोज अ‍ॅक्टिव्हेटर, हे फुकटात शोधताना जिथे जिथे 'इन्स्टॉल करायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं दिसेल तिथेच थांबा. युनिकोडचे चांगले मराठी फॉन्ट कायदेशीर फुकट मिळतात. जुन्या फॉन्टमधलं काम असेल तर लायसन्स घ्या, एका लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये वसूल होतं.

फाइलच्या नावाचा शेवट बघायची सवय लावा, वर आपण एक्स्टेन्शन दिसायची टिक केली ती कायम राहू द्या. २००० सालच्या मे महिन्यात आय लव्ह यू नावाचं प्रेमपत्र ईमेलने जगभर फिरलं, नावात टीएक्सटी दिसायचं, पण खरा शेवट व्हीबीएस होता आणि विंडोज तो शेवट लपवायचं, लोकांना वाटलं साधी मजकुराची फाइल आहे. आज तेच व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं, लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून येतं आणि शेवटी एपीके असतं, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल. पत्रिका कधी एपीके नसते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्याचा मोबाइल आधीच गेलेला असू शकतो.

रोजच्या वापराचं अकाउंट अ‍ॅडमिनचं ठेवू नका, स्टँडर्ड युजर बनवा, मुलांसाठी तर नक्कीच. आणि झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत जायचं असेल तर (माझ्या दुकानातही) सगळा संसार असलेला पेनड्राइव्ह आणू नका. जेवढं प्रिंट करायचंय तेवढीच पीडीएफ एका छोट्या वेगळ्या पेनड्राइव्हवर आणा किंवा ईमेल करा, घरी गेल्यावर तो पेनड्राइव्ह सरळ फॉरमॅट करा, त्यात गमवण्यासारखं काही नसतंच. मेमरी कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये आणत असाल तर कडेची छोटी कळ लॉकवर सरकवा, बहुतेक कार्ड रीडर ती पाळतात आणि मग कार्डवर काही लिहिलं जात नाही.

रॅन्समवेअर आलंच, फाइल्सची नावं बदलली आणि पैशाची चिठ्ठी दिसली, तर पहिल्या मिनिटात नेटची वायर आणि जोडलेली हार्डडिस्क काढा. कुलूप लागलेल्या फाइल्स पुसू नका, जपून ठेवा, कारण काहींच्या किल्ल्या नंतर मिळतात, युरोपातल्या पोलिसांनी आणि कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केलेली नो मोअर रॅन्सम ही साइट त्या फुकट देते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही व्हायरस काढायची टूल्स फुकट आहेत. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

राहिला बॅकअप. तीन कॉपी, दोन वेगळ्या जागी, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, आणि बाहेरची हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची, कायम जोडून ठेवली तर कुलूप तिलाही लागतं. आमच्याकडे दर अमावास्येला घेतो, दुकान त्या दिवशी तसंही थंड असतं. घेतल्यावर बॅकअपमधली कुठलीही एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, उघडली तरच तो बॅकअप धरायचा.